अक्कलदाढेभोवतीची सावली

त्याचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी पाहिली ती त्याची कवटी.

मावशीच्या दातांच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. त्या दिवशी जेवून आले, तर अंधाऱ्या खोलीत पडद्यावर मावशीने काढलेला कुणाचा तरी जबडा उजळलेला. डावीकडची अक्कलदाढ आडवी झोपलेली, आणि तिच्याभोवती बोराएवढी काळी पोकळी. दात असे विचकलेले, की मलाच हसतायत...

"इतका वाईट दिसतो का मी?"

मी किंचाळलेच. मागे तो उभा होता — गाल सुजलेला, डोळे मिश्कील.

"आतून बरे दिसता," मी कसंबसं म्हटलं.

मावशी त्याला म्हणाली, "अक्कलदाढ गप्प असेल तर मी तिच्या वाटेला जात नाही. पण ही तीनदा सुजलीय, शेजारची दाढ किडवलीय, वर ही पोकळी हाड खातेय. काढायलाच हवी."

तो वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. दाढेच्या मुळाशी ओठाची नस होती.

"ओठ बधिर झाला तर?"

"बहुतेकांचा पुन्हा जागा होतो."

त्या 'बहुतेकां'नी तो घाबरला. निघून गेला.

मग मला भलतंच दिसायला लागलं. बसमध्ये, बाजारात कुणीही हसलं, की कातडीमागची कवटी दिसायची. आणि प्रत्येक वेळी वाटायचं — हा तो नाही.

चार महिन्यांनी आला. मी फोटो काढला. पोकळी दुप्पट, खाली हाडाची कड कागदासारखी.

"काढून टाका ना..."

"दाढेबरोबर अक्कल गेली तर?"

"असती तर चार महिने थांबला असतात?"

तो खळखळून हसला — आणि जबड्यात 'कट्' झालं.

"ऐकलंत?" तो कुजबुजला.

"ऐकलं."

"उद्याच काढतो. पण... तुम्ही थांबाल तिथे?"

मी थांबले. दाढ निघाली, जबडा वाचला. ओठ मात्र बधिर राहिला.

दर आठवड्याला तो तपासणीला यायचा. डोळे मिटायचा, मी कापसाचं टोक त्याच्या खालच्या ओठाला लावायची.

"आता?"

"नाही. हा ओठ कुणा मेलेल्या माणसाचा वाटतो."

सहा आठवडे गेले, आठ गेले. क्लॅरिनेट पेटीतच होती. मावशी म्हणायची, "धीर धरा." माझाच सुटत चालला होता.

दहाव्या आठवड्यात मी कापूस घेऊन वाकले, आणि त्याच्या मिटल्या पापण्यांकडे बघतच राहिले. हात हवेतच.

"कळलं," तो म्हणाला.

माझ्या अंगावर काटा आला. "मी अजून लावलाच नाही..."

"माहितेय." त्याने डोळे उघडले नाहीत. "तरी कळलं. केव्हाचंच."

कापूस खाली पडला. मी त्या गार, परक्या ओठावर माझे ओठ टेकवले... क्षणभर काहीच नाही. मग तो ओठ हलकेच थरथरला.