गुलछडीचं मत

स्कूटी पुलाच्या बरोबर मधोमध बंद पडली. खाली भीमा, वर हिवाळ्यातलं उतरतं ऊन, मागं शिरूर तालुका, पुढं दौंड... आणि ऋतिका दोन्हींच्या अधेमध्ये हेल्मेट हातात घेऊन उभी. उभी म्हणजे स्कूटीला चक्क स्पॅनिशमध्ये झापत उभी. दिवसच तसा गेला होता. शिरूरच्या एका शाळेनं 'आमच्याकडं स्पॅनिश शिकणार कोण?' असं म्हणून, शिकवायचं काम मागायला गेलेल्या तिला चहा पाजून वाटेला लावलं होतं.

मागून फुलांची पिकअप येऊन थांबली. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं.

"मॅडम, मराठीत बोलून बघा. गाडी इकडचीच हाय, तिला त्ये कळंना."

हसायचं नाही असं ठरवूनही ऋतिका हसली. त्यानं खाली उतरून टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि मान हलवली. "शिव्या कुठल्याबी भाषेत द्या, पेट्रोल लागतंयच."

"शिव्या नव्हत्या हं! स्पॅनिश होतं."

"स्पॅनिश?" तो एकदम थांबला. "म्हंजी... मेक्सिकोत बोलत्यात त्ये? माझा भाऊ गोकुळ हाय तिथं. कंपनीनं धाडलाय. वहिनी आन् पोरंबी जूनमधी जायची. शाळेत समदं स्पॅनिश, आन् पोरांना एक शब्द येत न्हाई. शिकवता का?"

"किती मुलं आहेत... तुम्हाला?"

"भावाला दोन. मला..." त्यानं मानेवरून हात फिरवला. "मला अजून कुठंच काय न्हाई."

तिनं घाईघाईनं हेल्मेट डोक्यावर चढवलं. पेट्रोल नसलेल्या गाडीवर हेल्मेट कशाला, हा प्रश्न तिला नंतर, त्याच्या पिकअपमधून घरी केडगावला पोचल्यावर पडला.

तर असा हा सत्यजीत, शिरूरच्या बाजूच्या वडगाव रासाईचा, गुलछडीची शेती करणारा. आणि मग ऋतिकाचं नदी ओलांडणं सुरू झालं. त्याच्या घरच्या पडवीत एका कोपऱ्यात ती गोकुळच्या मुलांना, सार्थक आणि ओवीला, शिकवायची, दुसऱ्या कोपऱ्यात सत्यजीत फुलांच्या जुड्या बांधायचा. एवढं मोठं घर असताना जुड्या तिथंच का बांधायच्या, हे त्याला कुणी विचारलं नाही. एकदा मात्र ती फळ्याकडं वळली असताना मागून हळूच ऐकू आलं, "उनो... दोस... त्रेस..." तिनं वळून पाहिलं. जुड्या मोजणारा माणूस भलताच गंभीर चेहरा करून सुतळी शोधत होता.

निघताना तिच्या स्कूटीच्या हुकाला गुलछडीचा एक दांडा खोचलेला असायचा. कुणी खोचला, हे तिनंही कधी विचारलं नाही. केडगाव येईपर्यंत वास सोबत असायचा, तेवढं पुरे होतं.

पुरे होतं, असं तिला एप्रिलपर्यंत वाटलं. मग जून डोळ्यांपुढं दिसायला लागला. मुलं गेली की शिकवणी संपली, शिकवणी संपली की पूल ओलांडायला कारणच नाही. आणि हा गडी... फुलांबद्दल तासभर बोलेल, पण नेमकं बोलायचं तेवढं सुतळीत गुंडाळून ठेवेल!

अशात सुवर्णावहिनींनी, म्हणजे मुलांच्या आईनं, घरात विषय काढला. जायच्या आधी सगळ्यांनी मिळून कुठंतरी सहलीला जाऊ, पण जिथं मुलांना स्पॅनिश बोलायचा सराव होईल अशाच ठिकाणी.

आता या घराची एक तऱ्हा सांगायला हवी. मुलांचे आजोबा हौसराव म्हणजे माजी सरपंच. गावची सत्ता गेली तरी हौस गेली नव्हती. घरात काहीही ठरवायचं तर मतदान! फ्रिजचा रंगसुद्धा मतदानानं ठरलेला. त्यांनी पितळी तांब्याला फडकं बांधलं आणि ऋतिकाला पाटावर बसवलं.

"मॅडम, तुम्ही निरीक्षक. मत न्हाई, पण लक्ष ठेवायचं. हां, बोला समदे. कुठं जायचं?"

"दिल्ली," सुवर्णावहिनी म्हणाल्या. "मॅडम म्हणत होत्या, तिथं पोरांसाठी स्पॅनिशची शिबिरं असतात."

"एवढ्या उन्हात दिल्ली? गोवा!" हौसराव म्हणाले. "तिथं परदेशी पाहुणे लई. त्यातला एखादा तरी स्पॅनिश निघंलच की."

"रांजणगावचा गणपती," आजी विठाबाईंनी शांतपणे सांगितलं. "पोरांना काय बोलायचं त्ये देवापुढं बोलू द्या. त्याला समद्या भाषा कळत्यात."

गोव्याला तांदूळ, दिल्लीला गहू, गणपतीला मूग अशी चिन्हं ठरली, वाट्या मांडल्या. एकेक जण मुठीत एक दाणा घेऊन फडक्याखाली हात घालून आला. सत्यजीत सगळ्यात शेवटी गेला. ऋतिकाला वाटलं, परतताना त्यानं आपल्याकडं पाहिलं... आणि लगेच नजर जमिनीवर टाकली.

हौसरावांनी तांब्या ताटात उपडा केला. तांदूळ दोन, गहू दोन, मूग एक. आणि वर, वासानंच पहिली कळली ती, गुलछडीची एक कळी.

"ह्ये कुणाचं चिन्ह? मत बाद!"

"बाद करू नका, आबा." सत्यजीत उठून उभा राहिला. "चौथं ठिकाण हाय त्ये. केडगाव."

"केडगाव? पूल ओलांडला की केडगाव! तिथं काय सहल?"

"मॅडमचं घर हाय तिथं. त्या दिवसभर घरात स्पॅनिशच बोलत्यात, दूधवाल्यालासुदिक. पोरांनी चार दिवस तिथं ऱ्हावं. उंबऱ्याच्या आत मराठी बंद."

ऋतिका आठवू लागली, हे आपण त्याला कधी सांगितलं? फार मागं, जाताजाता, हसत. त्यानं जपून ठेवलं होतं.

"आन् तू का असा लाल झालायस?" हौसरावांनी डोळे बारीक केले.

सत्यजीतनं आबांकडं पाहिलं, वहिनींकडं पाहिलं. मग त्याला वाटलं, आपल्याला मोठी युक्ती सापडली. या घरात मॅडमशिवाय कुणाला कळणार आहे! तो ऋतिकाकडं वळला आणि एकेक शब्द काळजीनं मांडत म्हणाला, "मे गुस्तास... मुचो. एन खुनिओ ताम्बिएन... बेन."

ऋतिकाच्या हातातला पेन खाली पडला.

"आबा!" सार्थक ओरडला. "काका म्हणतोय, मॅडम त्याला आवडतात. लई!"

"आन् जूनमधीबी त्यांनी यायचं," ओवीनं उरलेलं पुरं केलं. "आम्ही नसलो तरी."

ज्यांच्यासाठी एवढी शिकवणी लावली, ती दोन पोरं त्याच्या हिशेबातून साफ निसटली होती. सत्यजीतला कुठं बघावं कळेना.

"एवढं समदं कळलं तुम्हाला?" हौसराव थक्क झाले.

"व्हय! पण काकाचा उच्चार थोडा कच्चा हाय," सार्थक म्हणाला.

आता सगळे निरीक्षकाकडं बघत होते. ऋतिकाचे कान तापले. घाबरायला झालं होतं, पण त्याहून जास्त आनंद झाला होता, आणि तो लपवायचा तिला कंटाळा आला होता. तिनं जवळच्या जुडीतली एक कळी खुडली आणि ताटात पहिल्या कळीशेजारी ठेवली.

"निरीक्षकाला मत न्हाई," हौसराव म्हणाले.

"मग धरू नका, आबा," ती हळूच म्हणाली. "पण... ठेवलंय मी."

हौसरावांनी ताटाकडं पाहिलं. "धरतो. तीन ठिकाणी दोन-दोन. बरोबरी! अशा वेळी अध्यक्षाचं जादा मत असतंय." त्यांचा हात तांदळाच्या वाटीकडं गेला, तिथं जरा रेंगाळला. मग वाटी बाजूला सरली, आणि म्हाताऱ्यानं जाडजूड बोटांनी गुलछडीची एक कळी अलगद खुडली.

"केडगाव. पोरांबरोबर मोठं माणूस कोण जाणार, त्याला मतदान नको."

ऋतिका सत्यजीतकडं वळली. तो अजून उभाच होता. तिनं त्याच्या डोळ्यांत बघत, अगदी हळू, स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. बरंच काही. त्याला निम्मंच कळलं असावं, पण चेहरा सगळंच कळल्यासारखा उजळला.

"आबा, मॅडम म्हणतायत—" ओवीनं सुरुवात केली, तोच सुवर्णावहिनींनी दोन्ही पोरांची तोंडं दोन हातांनी झाकली.

"काय म्हणाली? अगं, काय म्हणाली?" हौसराव सगळ्यांना विचारत सुटले.

"मला कळलं," विठाबाई म्हणाल्या, आणि साखर आणायला आत गेल्या.