पंपघरामागच्या नोंदी

"डबा सापडला नाही तर 'सापडला नाही' असंच लिहावं, पोरी. त्यात कमीपणा नसतो."

मोजणीकाकांनी हे ताईला एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं.

ताईने ते हसण्यावारी नेलं.

खोटं वाटणार असेल तर इथेच थांबा. मी कोणाची करमणूक करायला लिहीत नाहीये. यात माझी सख्खी मोठी बहीण आहे. आणि त्या दिवशी माझी अकरा महिन्यांची लेक तिच्या पाठीवर होती.

ही रात्रीची गोष्ट नाही. थंडीतला रविवार, लख्ख ऊन, दुपारचे चार. जागा म्हणजे कालव्याकाठचं बंद पडलेलं जुनं पंपघर.

आधी थोडं समजावून सांगते. ताईला जिओकॅशिंगचा नाद. कोणीतरी कुठेतरी एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतं. बाकीच्यांनी फोनवरचा बाण बघत तिथे जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तस्सा परत ठेवायचा. मग साइटवरही नोंद करायची. बस. बक्षीस नाही की काही नाही.

"घरात हिला लायटर सापडत नाही," भाऊजी म्हणायचे, "आणि परक्यांच्या भिंतीतले डबे बरोबर सापडतात."

"भिंती मला 'जेवायला काय आहे' विचारत नाहीत ना," ताई म्हणायची.

ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिची नजर अशी, की हललेली वीट तिला रस्त्यावरून दिसते. तिला या नादाला लावलं ते मोजणीकाकांनी. ते दुकानात चष्म्याचा नंबर काढायला आले आणि तासभर बोलत बसले. आयुष्यभर त्यांनी जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर एकटेच राहायचे. मुलगी लांब, परगावी. शहराभोवती त्यांनी लपवलेले अकरा डबे होते आणि दर महिन्याला ते प्रत्येक डबा जाऊन बघायचे. ओली वही बदलायची, पेन्सिलीला टोक करायचं आणि पानाच्या खाली आपली खूण काढायची. एक छोटा त्रिकोण, मधे टिंब.

त्यांचे नियम पक्के. जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही. खाण्याची वस्तू आत टाकायची नाही, जनावरं येतात. एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. येणारे-जाणारे बघत असतील तर बुटाची नाडी बांधत बसायचं, पण डब्याला हात लावायचा नाही.

सुरुवातीला त्यांच्या गटात बाराच जण होते. वहीत अर्धं अर्धं पान लिहायचे. वाटेत कोणता पक्षी दिसला, कोणाची चप्पल तुटली, कोण कोणाशी भांडलं. काका ते सगळं वाचायचे.

मग ॲप आलं आणि माणसं वाढली. डब्यांच्या जागी करंगळीएवढ्या नळ्या आल्या, चुंबकाने कुठल्याही पाटीला चिकटवलेल्या. वही गेली, कागदाची सुरळी आली. लिहायचं काय, तर फक्त नाव. वाचायचं कोणी, तर कोणीच नाही. सगळं लक्ष आकड्याकडे. तुझे किती झाले, माझे किती झाले.

त्यातच एक नवी पद्धत रुळली. डबा सापडला नाही, की आपल्याच खिशातली एक नळी तिथे ठेवायची आणि 'सापडला' म्हणून लिहून मोकळं व्हायचं. याला कोणी लबाडी म्हणत नव्हतं. उलट मदत म्हणायचे.

काका यावर चिडायचे.

"दोघांनी 'सापडला नाही' लिहिलं की मला कळतं, तिथे काहीतरी झालंय. मग मी जातो. मी नाही गेलो तर दुसरं कोणी जातं. तू खोटं 'सापडला' लिहिलंस, तर बघायला कोण जाणार?"

"काका, डबाच आहे हो तो," ताई म्हणाली होती.

त्या रविवारी ताईचे नऊशे नव्व्याण्णव झाले होते. संध्याकाळी गट जमणार होता आणि हजाराचा आकडा घातलेला केकसुद्धा सांगून झाला होता. हजारावा डबा काकांचाच घ्यायचा, असं तिने ठरवलं होतं. त्यांना बरं वाटेल म्हणून.

जाताना ती माझ्याकडे आली.

"दे पिल्लूला इकडे. तू दोन तास झोप. डोळे बघ तुझे, माझ्या दुकानात अशी आलीस तर मी परत पाठवीन."

खरं सांगते, मला द्यायचं नव्हतं. मी रात्रीतून चार वेळा उठून लेकीच्या नाकाखाली बोट धरणारी बाई. पण झोपेने डोकं फुटत होतं. मी दिलं.

पुढचं ताईने मला जसं सांगितलं, तसं सांगते.

पंपघराच्या मागच्या भिंतीत खालून तिसऱ्या ओळीत एक वीट सैल होती. डबा त्या विटेमागे. ताईने वीट काढली.

आत काही नव्हतं.

तिने आजूबाजूचं सगळं चाचपलं. पाइपांच्या मागे, खिडकीच्या चौकटीवर, पायरीखाली. वीस मिनिटं गेली. ॲपवर बघितलं, तर शुक्रवारी एका जोडप्याने लिहिलेलं, 'सापडला नाही.' शनिवारी आणखी एकाने, 'सापडला नाही. काकांना विचारा.'

ताईने काकांना फोन लावला. रिंग गेली. कोणी उचलला नाही.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं...

कालव्याचं पाणी वाहत होतं. डोळ्यांना दिसत होतं. पण त्याचा आवाज येत नव्हता.

वाराही नाही. पाखरू नाही. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आणि मग...

टक.

टक.

टक.

पत्र्यावर कोणीतरी बोटाच्या पेराने वाजवावं, तसं. भिंतीमागच्या गवतातून.

ताई वळली. गुडघाभर गवत. त्यात एक गंजका पत्रा सपाट पडलेला. माणूस कोणी नाही.

पाठीवरच्या झोळीत माझी लेक खुदकन हसली. हात पुढे करून टाटा करायला लागली.

गवताकडे बघून.

"काय गं, कोण दिसतंय तुला?" ताईने विचारलं. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

पत्रा तापला असेल, ऊन-सावलीने वाजला असेल, असं तिने मनाला समजावलं. घड्याळात चार दहा झाले होते. पाचला केक होता. तिने खिशातली नळी काढली, कोऱ्या सुरळीवर पहिलं नाव आपलं लिहिलं आणि नळी विटेमागे ठेवून दिली. ॲपवर लिहिलं, 'सापडला. हजारावा. सगळं ठीक.'

परत येताना लेक वाटभर रडली. मागे हात करून, जिवाच्या आकांताने. माझ्याकडे दिली तेव्हा तिचा घसा बसला होता.

संध्याकाळी काका आले नाहीत. गटात एक शाळेतल्या बाई आहेत, काकांच्या जुन्या सोबतीण. त्या म्हणाल्या, "उद्या मी पंपघराकडे चक्कर टाकणार होते. दोघांना सापडला नाही म्हणे. पण तुला सापडला ना, मग राहू दे."

"मुलीकडे गेले असतील काका," कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांना ते पटलं.

बुधवारी एका नव्या माणसाने ॲपवर लिहिलं, 'सापडला. झकास.' त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी दुसऱ्याने लिहिलं, 'सापडला. जवळ कुत्रं मेलंय बहुतेक, नाक धरून जा.' सोबत पुरावा म्हणून सुरळीचा फोटो.

ताईने तो फोटो शुक्रवारी दुकानात बसून बघितला. सहज मोठा केला.

वर तिचं नाव. रविवार.

खाली सोमवार, ४:१०. पुढे अक्षांश-रेखांशाचे आकडे आणि शेवटी एक छोटा त्रिकोण... मधे टिंब.

त्याखाली मंगळवार, ४:१०. तेच आकडे. तोच त्रिकोण.

मग त्या बुधवारवाल्याचं नाव. त्याने वरचं वाचलंही नव्हतं. कोण वाचतं.

त्याच्या खाली पुन्हा बुधवार. गुरुवार. शुक्रवार. असं करत पुढच्या बुधवारपर्यंत. त्रिकोणाच्या एकूण दहा ओळी. नकाशावर लिहितात तसं बारीक, सरळ अक्षर. पेन्सिलीने लिहिलेलं.

नळीत पेन्सिल मावतच नव्हती.

आधी ताईला बरं वाटलं. म्हणजे काका आहेत, रोज जाताहेत, माझ्यावर चिडलेत. तिने फोन लावला. बंद.

मग तिने ते आकडे नीट बघितले. डब्याच्या जागेचे आकडे तिला पाठ होते. हे वेगळे होते. शेवटचे दोन-तीन अंकच तेवढे.

तिने ते फोनमध्ये घातले.

डब्यापासून नऊ मीटर. भिंतीच्या मागे.

शनिवारी सकाळी ती भाऊजींना घेऊन गेली. भाऊजी फ्रिज दुरुस्त करतात, गाडीत पहार असते. फोनवरचा बाण भिंतीला वळसा घालून गवतात गेला आणि त्या गंजक्या पत्र्यावर थांबला.

वासाने दोघांनीही नाकाला रुमाल लावला.

तो नुसता पत्रा नव्हता. जुन्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं झाकण होतं ते, मधल्या दांड्यावर फिरणारं. एका कडेला पाय पडला की कलायचं आणि माणूस खाली गेला की परत आपल्या जागी बसायचं.

भाऊजींनी पहार घातली.

"तू मागे हो," ते म्हणाले. "बघू नकोस."

तिने बघितलं.

काका भिंतीला टेकून बसलेले. मांडीवर विटेमागचा तो हिरवा डबा. उजव्या मुठीत पेन्सिलीचा तुकडा.

शेजाऱ्यांनी सांगितलं, हत्यारांची पिशवी घेऊन ते दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी घराबाहेर पडले होते. फोन घरीच राहिला होता. म्हणजे ताईच्या रविवारच्या तीन दिवस आधी. डबा दुरुस्तीला काढला असणार आणि उजेडात बघायला मागे गेले असणार.

डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला मार होता. त्याच रात्री गेले असणार. फार तर शुक्रवारची पहाट.

ताईने दोनदा विचारलं, "रविवारी जिवंत असतील का?"

"शक्य नाही," डॉक्टर दोन्ही वेळा म्हणाले.

त्या उत्तराने तिला झोप लागायला हवी होती. पण चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने अक्षर ओळखायला म्हणून डब्यातली वही तिच्यापुढे धरली.

गुरुवारची ओळ वेडीवाकडी होती. 'पडलो. पत्रा बसला. पाय हलत नाही.'

शुक्रवार कोरा. शनिवार कोरा.

आणि खाली, सरळ, स्वच्छ अक्षरात...

'रविवार, ४:१०. वर चष्म्यावाली पोर आहे. पाठीवर बाळ आहे. मी तीनदा वाजवलं. बाळाला ऐकू आलं.'

अधिकाऱ्याने विचारलं, "तारीख चुकली असेल का त्यांची?"

त्या खड्ड्यातून वर काही दिसत नाही. पत्रा बंद असताना तर नाहीच.

नळीतली सुरळीही चौकशीत गेली. शेवटची नोंद शुक्रवारची होती. शनिवारची नव्हती.

बाईंनी ताईला दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "तुझं 'सगळं ठीक' वाचलं, म्हणून नाही गेले मी."

ताईला आजही कळत नाही, कोणतं उत्तर खरं हवं. डॉक्टर बरोबर असतील, तर त्या दिवशी पत्रा कोणी वाजवला? आणि डॉक्टर चुकले असतील...

ते वाक्य ती पुरं करत नाही. मीही नाही.

तिने ॲप काढून टाकलं. केकचा फोटो मात्र फोनमध्ये तसाच आहे. पुसायला गेली की हात थांबतो म्हणते.

गेल्या महिन्यात गटाने ठरवलं, काकांचे बाकीचे दहा डबे गोळा करून त्यांच्या मुलीला द्यायचे. बाई आणि ताई दोघीच गेल्या. वर्ष होत आलं होतं, कोणी हात लावलेला नव्हता. वह्या कुजल्या असणार, असं धरूनच त्या निघाल्या होत्या.

पहिला डबा उघडला. वही कोरडी.

पेन्सिलीला ताजं टोक. लाकडाचा वास येत होता.

दुसरा तसाच. तिसरा तसाच. दहाच्या दहा.

प्रत्येक वहीत शेवटच्या पानाच्या खाली त्रिकोण होता, मधे टिंब. शेजारी तारीख, आदल्याच आठवड्यातली.

"कोणीतरी करतंय," बाई म्हणाल्या.

कोण, ते दोघींनीही विचारलं नाही. डबे होते तस्से परत ठेवले आणि घरी आल्या.

हे मी लेकीला मांडीवर झोपवून लिहितेय. वाचून झाल्यावर मला घाबरल्याच्या कॉमेंट नकोत. एक काम करा.

तुमच्या एखाद्या ग्रुपवर एकटं राहणारं कोणी असेल. आधी रोज काहीतरी लिहायचं, हल्ली दिसत नाही. मुलाकडे गेले असतील, तब्येत बरी नसेल, असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं असेल. शेवटचं स्वतःच्या डोळ्यांनी कधी बघितलंत त्यांना?

मेसेज नको. फोन तर नकोच, रिंग वाजते आणि आपलं समाधान होतं.

आज जा. उजेड असताना जा. दार वाजवा... आणि माणूस स्वतः समोर येऊन उभा राहीपर्यंत तिथून हलू नका.