बारवेबाहेरचा दगड

सुगत रोज सकाळी निलंग्याहून मोटारसायकलवर बारवेच्या कामावर जायचा, तसाच त्या सोमवारीही गेला. बारव सरकारी यादीतली, संरक्षित. ढासळलेल्या पायऱ्या उतरवून पुन्हा होत्या तशा बसवायच्या, म्हणून आधी प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा. ते काम सुगतचं. त्याच्या तीनाला भलतंच लांब शेपूट असायचं, त्यावरून मजूर त्याला चिडवायचे.

ते गाव म्हणजे त्याच्या आजीचं, नागुबाईचं माहेर. काम मिळालं तेव्हा आजीने एकच गोष्ट मागितली होती. बारवेच्या तोंडाशी, बाहेर, एक सपाट दगड होता. मधोमध घागरीच्या बुडाएवढा खळगा. आपल्या लोकांनी तिथे घागर ठेवून उभं राहायचं, आत उतरायचं नाही. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. एका चैत्रात आजीची आई साखराबाई दुपारभर तिथे उभी राहिली. लोक आले, आपापलं पाणी भरून गेले. ती तिथेच कोसळली, ती पुन्हा उठली नाही. तेव्हा पाच वर्षांची नागुबाई तिचा पदर धरून होती.

"त्या दगडाला नंबर घाल," आजी म्हणाली होती. "माझी माय हाय तिथं."

कामावर देखरेख करणाऱ्या सरकारी साहेबांची दगडांची यादी तीनशे बारावर संपत होती. बाहेरचा सुटा दगड बांधकामात धरत नाहीत, पण तुम्ही लेखी द्या, मी वर पाठवतो, असं ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. ठेकेदार शिवशंकरला मात्र ट्रॅक्टरसाठी नेमकी तीच जागा हवी होती. पुढच्या वर्षी तुला कामावर ठेवायचं की नाही हे मलाच विचारतात, एवढं त्याने हसत हसत सांगितलं. सुगतने कागदावर लिहिलं, 'बारवेबाहेर नोंदण्याजोगे काही नाही', आणि खाली सही ठोकली. सांगायला लाज वाटते, पण सही नेहमीसारखीच सुबक आली.

त्याच दुपारी मजूर जेवायला गावात गेले. सुगत तळाच्या पायरीवर ब्रश धूत होता. ऊन डोक्यावर, शेवाळाचा ओला वास, पाखराचाही आवाज नाही. वर दगडावर घागर टेकल्यासारखं वाजलं.

"पानी वाढा, मालक..."

त्याने मान वर न करताच सांगितलं, "या की खाली, मावशी. घ्या."

मग धाप लागलेला आवाज आला, "खाली कसं येऊ... लेकरू हाय संगं..."

सुगतने ब्रश खाली ठेवला. आवाज कुणाचा, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बादली भरलेली होती, वर जायला अठ्ठावीस पायऱ्या. तो गेला नाही. मजूर परत येईपर्यंत तिथेच अंग चोरून बसला. नंतर पाहिलं तर वर कोणी नव्हतं आणि खळगा कोरडा ठणठणीत होता.

दुसऱ्या दिवशी दगड फोडून रस्त्यात भरला गेला. संध्याकाळी आजीने विचारलं, नंबर घातलास का? तो म्हणाला, घातला. किती? तीनशे तेरा. म्हातारीने हात जोडले. तिला आता दिसत नव्हतं, तेवढंच बरं झालं असं त्याला वाटलं.

रविवारी भर दुपारी निलंग्यातल्या घराच्या दारात घागर टेकल्याचा आवाज झाला.

"पानी वाढा, मालक..."

या वेळी तो तांब्या घेऊन धावला. दारात कोणी नव्हतं. सिमेंटच्या नव्या पायरीत घागरीच्या बुडाएवढा खळगा पडला होता. त्याने पाणी ओतलं, ते लगेच जिरलं. त्याने हंडा रिता केला, तोही जिरला. संध्याकाळी त्याने खळगा सिमेंटने बुजवला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. दुपारी खळगा पुन्हा होता, बोटभर जास्त खोल. आणि कडेला पांढऱ्या ओल्या रंगात ३१३, दोन्ही तीनांना लांब शेपूट.

चाहूल लागून आजी चाचपडत दारात आली. तिची बोटं खळग्यावरून, मग कडेच्या ओल्या आकड्यांवरून फिरली आणि पांढरी झाली.

"खरंच घातलास की रं," ती म्हणाली.

मग तिने समोरच्या रिकाम्या जागेत हात लांब केला आणि लहान पोरीने पदर धरावा तशी मूठ मिटली. सुगत बघत होता. ती मूठ एकदा हलकेच पुढे ओढली गेली.