शेवटचा टू

सकाळी दहा चाळीसला मुळीक सरांनी चष्मा पुसला, स्वयंपाकघराच्या दारावर खडूने तारीख लिहिली आणि समोरच्या चार रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाले, "आय हॅव नोबडी टू टॉक टू. रिपीट."

खुर्च्यांनी रिपीट केलं नाही. सरांनी त्यांना पुरेसा वेळ दिला, मग त्यांच्या वतीने स्वतःच आणखी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा उच्चार सुधारला होता.

भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी लावलेला कानोसा हे सगळं ऐकत होता. काड्यापेटीएवढं यंत्र, वर एक हिरवा दिवा. साठी ओलांडून एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या घरी 'सांजसोबत' नावाची संस्था तो बसवून द्यायची. रक्तदाब मोजतात तसा तो एकटेपणा मोजायचा. संशोधकांनी लाखो माणसांचं बोलणं तपासून काढलेला निष्कर्ष असा, की एकटी माणसं 'मी एकटा आहे' असं सहसा म्हणत नाहीत. ती 'करायला काही नाही', 'जायला कुठे नाही' असं म्हणतात, आणि जगातल्या सगळ्या भाषांत म्हणतात.

म्हणजे कराडच्या शाळेत सरांनी चौतीस वर्षं दोन गुणांसाठी जे प्रकरण शिकवलं, ते आता आजाराचं लक्षण ठरलं होतं. आधी सर्वनाम किंवा क्रियाविशेषण, मागून 'टू' लावलेलं क्रियापद. समथिंग टू ईट. नोव्हेअर टू गो. वर्गात या आजाराची लागण फारशी झाली नव्हती, कारण प्रकरण फारसं कोणाला कळलंच नव्हतं.

पुढे कानात घालायचे दुभाषे आले आणि इंग्रजीचा तासच बंद झाला. सरांनी निरोपाची शाल कपाटात ठेवली. तास मात्र घरी आणला.

अकराला बेल वाजली. दारात सांजसोबतचं ओळखपत्र गळ्यात घातलेली, पस्तिशीची एक बाई उभी होती.

"ओळखलंत का सर? तबस्सुम मुलाणी. दहावी ब."

"खिडकीकडचा तिसरा बाक," सर म्हणाले. "आय वॉन्ट टू ईट समथिंग."

तबस्सुम हसली. खायला काहीतरी पाहिजे याचं इंग्रजी तिने तसं केलं होतं, आणि सरांनी वर्गात विचारलं होतं, 'मुलाणी, तुला खायची हौस आहे की डब्यात काही नाही?' समथिंग टू ईट तिच्या डोक्यात कायमचं बसलं ते तेव्हा.

"बस. चहा ठेवतो."

"आधी काम, सर." तिने हातातली डिजिटल पाटी उघडली. "या आठवड्यात तुमच्या घरातून दोनशे त्रेपन्न गंभीर वाक्यं आलीत. आमच्या अख्ख्या विभागाची मिळून एवढी होत नाहीत."

"ती उदाहरणं आहेत."

"कोणासाठी?"

सरांनी खुर्च्यांकडे बघितलं. तबस्सुमनेही बघितलं. खुर्च्या शिस्तीत होत्या.

"आज मी अहवालात 'तक्रार' लिहिलं, तर उद्या गाडी येईल," ती म्हणाली. "साताऱ्याला सांजघरात जावं लागेल तुम्हाला. दोनशे माणसं आहेत तिथे. रोज सकाळी एक तास सक्तीच्या गप्पा."

"विषय कोण देतं?"

"यंत्र देतं."

"मग मी इथेच बरा आहे, मुलाणी. हे घर, हे दार, हा खडू. मला कुठे जायचं नाही." सर थांबले, आणि कानोशाकडे बघून घाईने म्हणाले, "हे पूर्ण वाक्य आहे. त्यात आजार शोधू नका."

तबस्सुमने पाटीवर आवाज लावला. सरांचंच बोलणं घरात घुमलं. नथिंग टू डू, नथिंग टू डू, नथिंग टू डू. नोव्हेअर टू सिट, तीनदा. ऐकता ऐकता तिने मान वर केली.

"सर, तुम्ही प्रत्येक वाक्य तीनदाच म्हणता."

"वर्गात एकदा मी, दोनदा तुम्ही. तू तोंड नुसतं हलवायचीस."

तिने थोडा वेळ बोटं चालवली. "यंत्राला नियम शिकवला. एका मिनिटात तीनदा आलं, तर उदाहरण, धरायचं नाही." आकडे भराभर उतरले. दोनशे बावन्न वाक्यं गेली.

"एक राहिलं," ती म्हणाली.

मंगळवारचं, दुपारी चार वाजून दहा मिनिटांचं. तिने ते लावलं. आधी कपबशीचा आवाज, मग सर, मराठीत. "साखर जास्त झाली म्हणायला कोणी नाही."

एकदाच. पुढे नुसता चमच्याचा आवाज.

सरांनी हातातला खडू उलटा करून बघितला. "मराठीत एक बरं असतं," ते म्हणाले. "'म्हणायला' आधी येतं आणि 'कोणी नाही' शेवटी. तिथपर्यंत आशा असते. इंग्रजीत सुरुवातीलाच नोबडी."

"एक माफ असतं, सर. आठवड्यात दोन झाली की गाडी. कानोसा माणूस ओळखत नाही, घर ओळखतो. खासगीपणाचा कायदा आहे ना." तिने अहवालात 'उदाहरण' लिहिलं, पाटी मिटली आणि चपला घालायला दारात गेली. चहा राहिला तो राहिलाच.

"आज आणखी किती घरं?" सरांनी विचारलं.

"अकरा. रोज बारा घरं ऐकायची. सगळ्यांचं ऐकते." पट्टा लावता लावता ती खाली बघूनच म्हणाली, "माझंच... आय हॅव नोबडी टू टॉक."

"टू," सर सवयीने म्हणाले. "शेवटचा टू गाळायचा नाही. तिथे माणूस असतो. दिसत नाही एवढंच. अर्धा गुण जातो."

"नोबडी टू टॉक टू," ती म्हणाली.

कानोशाचा दिवा पिवळा झाला.

दोघांनीही तो बघितला. घर सरांचं होतं आणि या आठवड्यात धरलेलं हे दुसरं वाक्य होतं. तबस्सुमने पाटी उघडली, पण मिटलेल्या अहवालात 'हे वाक्य माझं' असं आता तिलाही लिहिता येत नव्हतं. तिने शिकवलेला नियम मात्र चालू होता: एका मिनिटात तीनदा.

"रिपीट, मुलाणी," सर म्हणाले. आवाज तासावरचा होता.

"सर, तुम्हीच म्हणा ना."

"माझं वाक्य नाही ते."

ती सावकाश म्हणाली, "आय हॅव नोबडी टू टॉक टू." या वेळी तोंड नुसतं हललं नव्हतं.

दिवा लुकलुकत राहिला. आणखी एकदा म्हटलं, की ते उदाहरण होणार होतं. सर आपल्या घरात राहणार होते आणि ती उरलेल्या अकरा घरांना जाणार होती. तबस्सुमने तोंड उघडलं, आणि मिटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तर यंत्र ते वाक्य सोडून देणार होतं. मग ते ऐकलं कोणी?