घराकडची बाजू

दुपारचं जेवण उरकून, पाइप खांद्यावर टाकून झाडकाका निघाले, तेव्हा त्यांच्या डोक्यात दुसरं तिसरं काहीच नव्हतं. शिरीषाच्या झाडाला पाणी सोडायचं आणि परत येऊन आडवं व्हायचं, एवढाच बेत. गुडघे कुरकुरत होते. हल्ली कुठेही जायचं म्हटलं की आधी त्या गुडघ्यांची परवानगी काढावी लागे.

झाडकाका हे त्यांचं साइटवरचं नाव. जुना बंगला पाडून तिथे उंच इमारत उभी राहत होती, आणि बांधायची परवानगी देतानाच वरून बजावलेलं होतं, की राहतील ती झाडं जपा, आड येतील ती हलवा, मरतील त्यांच्या जागी नवी लावा. सांगणाऱ्याचं काय जातं! ते सगळं निस्तरायला कंपनीने काकांना ठेवलं होतं. काका बुंध्यांना फळ्या बांधत, ट्रकवाल्यांच्या अंगावर ओरडत, मुळांवर सिमेंटच्या गोण्या रचणाऱ्यांचा सात पिढ्यांसकट उद्धार करत. कुंपणालगतची नवी रोपं एकामागून एक सुकत, ती उपटून दुसरी लावत. संध्याकाळी पाय ओढत खोलीवर येत आणि भिंतीला टेकून बसत. कामाचं त्यांना प्रेम होतं, पण अंगात काही उरलं नव्हतं.

खोली प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात होती. विटांच्या भिंती, वर पत्रा, एक दार, समोरच्या भिंतीला एक खिडकी. तिथे ते आणि काकू राहत. काकू बोलत नसत. मुक्या नव्हेत, चांगल्या बोलक्या होत्या एके काळी, काकांना बोलता बोलता गुंडाळून ठेवत. पण कॉलेजात जाणारी एकुलती एक मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली आणि बाईचा आवाजच आटला. "जेवा", "पाणी आलं", "दिवा मालवा" एवढ्या तीन-चार शब्दांवर संसार चालला होता. काकांना मुलीचं दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर, बायकोने आपल्याला एकदा मनसोक्त झापावं, यासाठी त्यांचा जीव नुसता तळमळत असे. ते कुणाला सांगणार?

तर शिरीष. ते झाड बंगल्याच्या अंगणातलं, दोघांच्या कवेत न मावणारं, आणि नेमकं इमारतीच्या मधोमध येत होतं. म्हणून ते हलवायचं ठरलं. फांद्या छाटल्या, मुळांभोवतीचा मातीचा गड्डा गोणपाटात बांधला, क्रेन आली. आता मोठं झाड हलवताना एक गोष्ट पाळावीच लागते. खोडाच्या उत्तरेकडच्या बाजूला आधी रंगाची खूण करायची आणि नव्या खड्ड्यात झाड उतरवताना ती खूण पुन्हा उत्तरेलाच आणायची. इतकी वर्षं सावलीत राहिलेली साल एकदम उन्हाला लागली तर करपून जाते. काकांनी ही खूण उभ्या आयुष्यात कधी चुकवली नव्हती.

त्या दिवशीही ते रंगाचा डबा घेऊनच गेले होते. पाहतात तर खोडाच्या एकाच बाजूला छातीच्या उंचीला चुन्याचा एक रुंद पट्टा आधीच ओढलेला. मोजणीवाले येऊन गेले होते, त्यांनीच उत्तरेची खूण म्हणून ओढला असणार, असं काकांना वाटलं. ऊन डोक्यावर होतं, क्रेनवाला भोंगा वाजवून जीव खात होता. काकांनी डबा खाली ठेवला. एक मात्र त्यांच्या नजरेत आलं. पट्ट्याच्या बाजूला झाडाला एकही फांदी नव्हती. नुसत्या गाठी होत्या, खालपासून वरपर्यंत, जुन्या आणि घट्ट. असतात काही झाडं एकांगी, म्हणून त्यांनी तेही सोडून दिलं.

नव्या जागी पट्टा उत्तरेला आला. उत्तरेला काकांची खोली होती. खिडकीतून हात लांब केला तर खोडाला लागेल न लागेल, इतक्या जवळ.

"काका, हे जगलं पाहिजे हं," इंजिनियरसाहेब म्हणाले होते. "तपासणी व्हायचीय. मेलं तर तुम्ही आणि मी, दोघंही घरी."

"मी घरीच आहे साहेब. ते काय, समोर." साहेब हसले नाहीत. काकांनाही फारसं हसू आलं नव्हतं.

मग नुसतं उघडंबोडकं खोड उभं राहिलं, ते कितीतरी दिवस. काका पाणी घालत, छाटलेल्या टोकांना लेप लावत, नखाने साल खरवडून आत हिरवं आहे का ते बघत. आणि त्या दुपारी पाइप घेऊन गेले तर झाड फुटलं होतं! गाठीगाठीतून कोवळी, पोपटी फूट बाहेर आली होती. फक्त पट्ट्याच्या बाजूला. बाकी खोड कोरडं ठाक.

"अगं ए! बाहेर ये!" काका ओरडले. "फुटलं गं, फुटलं! जगलं!"

काकू खोलीला वळसा घालून आल्या. पदराला हात पुसले, पुढे झाल्या आणि एका पानाला बोट लावलं.

"किती मऊ आहे हो," त्या म्हणाल्या. "झोपेतून उठल्यासारखं."

काकांना भरून आलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि उगाचच पाइपाची गुंडाळी सोडत बसले.

त्यानंतर काकू बोलायला लागल्या. आधी थोडं, मग भरभरून. दुपारी कामं आटोपली की खिडकीशी बसत आणि फुटीशी बोलत. काका येताना ऐकत: पिठात आळ्या निघाल्या, नळाला पाणी नाही, मिस्त्रीच्या बायकोला सातवा लागला, असलंच सगळं. आणि एके दिवशी काका चिखलाच्या पायांनी आत शिरले तर, "अहो, डोळे फुटले का? आत्ता पुसली होती फरशी! बैल तरी पाय आपटून आत येतो!" काका दारातच उभे राहून हसले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला सांगत होते, "काल घरी शिव्या खाल्ल्या बघ." मिस्त्री म्हणाला, "त्यात काय, मी रोज खातो." त्याला बिचाऱ्याला काय कळणार?

नाही म्हणायला एकदोन गोष्टी खटकत होत्या. दिवस कलला की शिरीषाची पानं मिटतात, जोडीजोडीने. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या फुटीची मिटत नसत. सगळं झाड सावळं व्हायचं, आणि तेवढी पानं टक्क उघडी, खिडकीकडे वळलेली. शिवाय तिथे वास यायला लागला होता. पानांचा नव्हे, मातीचाही नव्हे. नुकत्याच न्हालेल्या, अजून न वाळलेल्या केसांचा वास. काकांनी दोनदा खोडाभोवती हिंडून पाहिलं. काही सापडलं नाही.

आणि काकू बोलता बोलता थांबू लागल्या होत्या. आपण टेलिफोनवर समोरच्याला वाव देतो ना, तशा. मग मान हलवत, "हो का?" म्हणत, आणि पुढे बोलत.

अशातच बंगल्याचे जुने मालक इमारत कुठवर आली ते बघायला आले. हातात काठी, डोक्यावर टोपी, बोलायला मऊ. नव्या इमारतीत त्यांनाही घर मिळणार होतं. काकांनी हौसेने त्यांना मागे नेलं. म्हटलं, म्हाताऱ्याला आपलं झाड जगलेलं बघून बरं वाटेल.

म्हातारा झाडासमोर उभा राहिला आणि काठीवर रेलला.

"हे... असं कुणी लावलं?"

"मीच. का हो?"

"पट्टा इकडे का?"

"उत्तरेची खूण ना ती? उत्तरेला ठेवली."

"उत्तरेची नाही हो..." म्हाताऱ्याचा आवाज एकदम खाली गेला. "तो पट्टा आमचा. ती घराकडची बाजू. तिकडे फुटलेलं राहू द्यायचं नाही, दिसलं की खुडायचं, म्हणून आम्ही चुना ओढत आलो. माझे वडील ओढायचे, मग मी. विकताना सांगायचं राहिलं... खरं म्हणजे, सांगायची लाज वाटली."

"का खुडायचं?"

म्हाताऱ्याने खिडकीकडे पाहिलं. आत काकूंचा आवाज चालू होता. मग तो थांबला. मग काकू म्हणाल्या, "हो का? बरं..."

"माझी आईसुद्धा अशीच खिडकीशी बसायची," म्हातारा कुजबुजला. "माझा धाकटा भाऊ गेल्यावर. बोलायची झाडाशी. आम्ही म्हटलं, बोलू दे, मन मोकळं होतंय. पुढे पुढे ती कमी बोलायला लागली आणि जास्त ऐकायला लागली. शेवटी घरातल्या कुणाशी बोलायचं तिला काही कारणच उरलं नाही. ताटावर बसायची, आमच्याकडे बघायची... पाहुण्यांकडे बघावं तशी." त्याने काकांच्या दंडाला धरलं. "आजच खुडा. देठापासून."

"आत्ता याच्याकडे पानं आहेत ती एवढीच. खुडली तर झाड मरेल."

"मरू दे," म्हातारा म्हणाला, आणि वळून चालू लागला. चहालाही थांबला नाही.

ऊन उतरल्यावर काका कात्री घेऊन झाडाखाली उभे राहिले. कामगार गेले होते. अर्धवट इमारतीतून वारा येत होता आणि कुठलं तरी प्लास्टिक फडफडत होतं. वास आज दाट होता. त्यांनी एक कोवळी फूट चिमटीत धरली. ती कोमट होती.

आत काकू हसल्या. कसं सांगावं ते हसणं! मुलगी दारातून ओरडत यायची, "आई, भूक!" म्हणायची, तेव्हाचं ते हसणं होतं. काकांनी ते पुन्हा ऐकायची आशाच सोडली होती.

खुडलं तर झाड मरणार, ते एक असो. साहेब ओरडतील, नोकरी जाईल, त्याचंही त्यांना आता फार वाटत नव्हतं. पण त्या खोलीत पुन्हा "जेवा" आणि "दिवा मालवा" सुरू होणार. रोज. मरेपर्यंत. काकांना भीती वाटत होती, खोटं कशाला बोलायचं? पण भीतीपेक्षा दमणूक मोठी होती. कुणाची का असेना, सोबत होती बाईला. म्हाताऱ्याची आई म्हातारी होती, तिचं डोकं फिरलं असेल. असं काहीबाही त्यांनी स्वतःला सांगितलं. कात्री मिटली, खिशात घातली आणि हातपाय धुऊन आत गेले.

काकूंनी ताट वाढलं होतं. चेहरा उजळला होता, गालांवर रंग होता. काकांना आपण केलं ते बरंच केलं असं वाटलं.

"आज फार खुशीत दिसतेस," ते म्हणाले. "काय बोलणं चाललं होतं?"

"आपल्या पोरीशी," काकू सहज म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या हे उघड बोलल्या. "तुम्हाला काय वाटलं, मी झाडाशी बोलते? वेडी आहे का मी?"

काकांनी घास मोडला. "काय... काय म्हणते ती?"

"आज वेगळंच विचारत होती. आई, माझं नाव काय होतं गं, म्हणाली."

काकांचा घास हातातच राहिला.

"स्वतःचं नाव?"

"विसरलीय हो. इतके दिवस झाले, विसरणारच. मी सांगितलं. आधी जमेना तिला, जीभ वळेना. मग मी अक्षरं सुटी करून सांगितलं, तिने चारदा म्हणून पाहिलं. आता छान म्हणते." काकूंनी आमटीची वाटी पुढे सरकवली. "मग म्हणाली, आपल्या घरात कोण कोण होतं, ते सांग. मी दिसायचे कशी, ते सांग. तिची उंची, केस, सगळं सांगितलं मी. किती लक्ष देऊन ऐकते!"

खिडकीकडे पाहायचं काकांनी टाळलं. मग पाहिलं. खिडकीबाहेर झाड होतं. पट्टा दिसत होता, गाठी दिसत होत्या. फूट कुठेच नव्हती. एक पानही नव्हतं.

"अगं... ती फूट कुठे गेली?"

"तेच तर सांगतेय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज आईचा होता, मायेने भरलेला. "तुमचं नाव विचारत होती. मी म्हटलं, मी नाही सांगणार, बाबांना तूच विचार. उठा ना, जेवण काय पळून जातंय? मगासपासून दाराशी उभी आहे पोर."

दार खोलीच्या दुसऱ्या भिंतीला होतं. काका त्याच्याकडे बघत राहिले. बाहेरून थाप पडली, हलकी, नवशिक्या हाताची. दाराच्या अगदी तळाशी, जमिनीलगत.