पानं उलटणारीचा नवस

पियानो वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला उभं राहायचं. वाजतंय त्याच्या एक ओळ पुढे नजर ठेवायची. वाजवणाऱ्यानं हनुवटी किंचित खाली केली, की पानाचा वरचा कोपरा डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून ते असं उलटायचं, की पानालासुद्धा पत्ता लागू नये. थोरलीचं काम एवढंच. तिला स्वतःला पियानोवर एक ओळ वाजवता येत नव्हती, पण धाकट्या बहिणीच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहून ती स्वरलिपी वाचायला मात्र शिकली होती.

त्या दिवशीही ती नेहमीसारखीच निघाली. सासऱ्यांच्या गोळ्या काढून ठेवल्या, मुलांचे डबे भरले, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कपडे घातले. कडक इस्त्रीची बाही कुरकुरते, आणि मायक्रोफोनला ते बरोबर ऐकू जातं. थैलीत शेकायची रबरी पिशवी, मलम आणि टॉवेल घेतला. धाकटी खाली भाड्याच्या गाडीत थांबली होती. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून ती त्याच्याकडे बघत होती, हट्टी पोराकडे बघावं तशी.

"काय म्हणतोय?" थोरलीनं विचारलं.

"आज ऐकतो म्हणतोय. पण त्याचं काय खरं नाही."

सगळं अडलं होतं ते या हातापाशी. करंगळीशेजारचं बोट गेल्या वर्षापासून आपलं आपण आत वळायचं. एरवी तक्रार नाही, चहाचा कप धरेल, बटण लावेल. पियानोवर गेलं की मुडपून बसायचं. डॉक्टरांनी उद्यापासून वाजवणं बंद सांगितलं होतं, आणि किती दिवस हे विचारू नका, असंही. म्हणजे रेकॉर्ड पुरी व्हायची तर आजच. रेकॉर्डच्या अर्ध्या भागात जुन्या रोमँटिक रचना होत्या, मन मोकळं करून भरभरून बोलणाऱ्या. अर्ध्यात आजच्या काळातल्या, तुटक, मध्येच गप्प होणाऱ्या. एक जुनी आणि एक नवी अशा दोनच उरल्या होत्या. धाकटी म्हणायची, या दोघी शेजारीशेजारी ठेवल्या की आजी आणि नात एकाच खिडकीतून बाहेर बघताहेत असं वाटतं. तेवढं लोकांच्या कानांवर जाऊ दे, मग बोटाचं काय व्हायचं ते होवो.

हॉल एका बंद पडलेल्या शाळेचा होता. लाकडी जमीन, जाड पडदे, व्हार्निशचा आणि दमट लोकरीचा वास. मधोमध लांबलचक काळा पियानो, झाकण वर केलेलं. रेकॉर्डिस्ट शेजारच्या खोलीत बसायचा. मध्ये भिंत असल्यामुळे त्याला हॉल दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. त्याला काही सांगायचं असलं की कोपऱ्यातला छोटा स्पीकर बोलायचा. धाकटीनं त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं आणि तो त्या नावाला खुशीत ओ द्यायचा.

लाल दिवा लागला. जुनी रचना सुरू झाली आणि थोड्याच वेळात स्पीकर खाकरला.

"मॅडम, तुमचं झकास चाललंय. पण खाली खर्जात कुणीतरी साथ करतंय."

धाकटीनं वाकून पेडलकडे पाहिलं.

"ताई, तुमचं पोट," स्पीकर म्हणाला.

थोरलीचे कान लाल झाले. रेकॉर्ड हातावेगळी होईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असा नेम तिनं सकाळीच धरला होता.

"परत?" धाकटी हसायला लागली. "पोराच्या परीक्षेला मीठ सोडलंस, माझ्या बोटापायी साखर सोडलीस. आता हवा तेवढी राहिलीय."

"तू समोर बघ."

"ताई, खरं सांगू का," कानसेन म्हणाला, "तुमचा उपास माझ्या हेडफोनमध्ये घुमतोय. दोन बिस्किटं खा, नाहीतर बाहेर बसा. पानं मी येऊन उलटेन, मला आवाज झाला तरी चालतो."

ती चेष्टा होती, पण धाकटीचं काम अडवून आपला नेम पाळणं थोरलीला बरं वाटेना. तिनं बिस्किटं खाल्ली. ती कोरडी, घशात अडकली, आणि त्यांच्याबरोबर तो मोडलेला नेमही.

मग खरी परीक्षा सुरू झाली. जुन्या रचनेच्या शेवटी, शेवटचं पान उलटतानाच, उजवा हात एका उंच स्वराकडे चढत जायचा आणि तो स्वर त्याच बोटाचा होता. सगळी रचना त्या एका स्वरासाठी जिना चढत आलेली. धाकटी चढायची, सुरेख चढायची, आणि वर पोचता पोचता बोट मुडपायचं. पट्टीला स्पर्शच नाही. त्या स्वराच्या जागी खड्डा. शेकून झालं, मलम झालं, बोट बदलून वाजवून पाहिलं, तर हात अडखळला. खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकत गेलं.

"पुन्हा एकदा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता कोरडा झाला होता.

थोरलीला नवस बोलायची रीत माहीत होती. मन शांत करायचं, ज्याला बोलायचं त्याचं नाव घ्यायचं, काय हवं आणि बदल्यात काय करू ते स्पष्ट सांगायचं. पण हात जिना चढत होता, पान उलटायची वेळ आली होती, आणि सकाळी ज्याच्या नावानं नेम धरला त्याला पुन्हा तोंड दाखवायची लाज वाटत होती. पानाचा कोपरा धरता धरता ती मनात एवढंच म्हणाली, *जो कोणी इथे ऐकत असेल त्यानं हिला पार लावावं. माझ्याकडून हवं ते घ्यावं.*

आणि पान उलटलं.

हात वर गेला. बोट मुडपलं. पट्टी जागची हलली नाही, हे थोरलीनं हातभर अंतरावरून पाहिलं. तिच्या कानांनाही तिथे काहीच आलं नाही, नुसता तो ओळखीचा खड्डा. धाकटीनं डोळे मिटून उरलेल्या चार ओळी वाजवल्या आणि हात मांडीवर टाकले.

स्पीकर खाकरला. मग म्हणाला, "मॅडम... वा. हाच घेऊया."

"अहो, वरचा गेला ना."

"कुठे गेला? या, ऐका."

शेजारच्या खोलीत तिघं दाटीवाटीनं उभी राहिली. जिना चढत आला, चढत आला, आणि वर तो स्वर लागला. गोल, ओला, जरासा उशिरा, कुणीतरी दाराशी क्षणभर थांबून आत यावं तसा. थोरलीच्या अंगावर काटा आला. धाकटीनं दोन्ही हात तोंडावर धरले. बोटांच्या फटीतून तिचे डोळे लकाकत होते.

"तुम्ही आधीच्या टेकमधला चिकटवलात," थोरली कानसेनला म्हणाली.

"आधीच्या एका तरी टेकमध्ये होता का? असता तर दुपारीच घरी गेलो नसतो?"

ते खरं होतं. पण तिघांच्याही मनात भीतीपेक्षा दुसरंच काही जास्त होतं. हातात पतंगाचा दोर असावा आणि वर वाऱ्यानं अचानक ओढ घ्यावी, तसं.

"चल," धाकटीनं थोरलीचा दंड धरला. "थंड व्हायच्या आत नवी वाजवू."

"अगं, जरा थांब. विचार कर..."

"उद्या काय करायचं आहे मला? विचारच."

नवी रचना त्या बोटासाठी तर काळच होती. एकच स्वर पुन्हापुन्हा, नळ गळावा तसा, पानंच्या पानं, आणि तो त्याच बोटानं. बाकीच्या बोटांना त्याच्या आजूबाजूला दुसरी कामं. लाल दिवा लागला. पहिल्या ओळीतच बोट मुडपलं ते मुडपलंच. धाकटी थांबली नाही. तिनं ते मिटून तळव्याशी घेतलं आणि उरलेल्या चार बोटांनी वाजवत सुटली, जागा मोकळ्या सोडत. गालांवर लाली, ओठांवर हसू. लहानपणी झोका उंच गेला की ती अशीच दिसायची.

थोरलीच्या कानांना ती रचना दात पडलेल्या कंगव्यासारखी लागत होती. पण पट्ट्यांकडे बघताना तिला थंडी वाजायला लागली. धाकटीच्या चालत्या बोटांमध्ये त्या मोकळ्या सोडलेल्या स्वराची पट्टी होती. ती दबत नव्हती. पण तिच्यावरची धूळ... मधोमध, पेराएवढ्या जागेतली, पुसली जात होती.

तिनं पान उलटलं. पुन्हा उलटलं. आवाज होऊ दिला नाही.

शेवटचा स्वर विरला. पेडल सावकाश वर आलं.

"कानसेन?" धाकटीनं विचारलं.

स्पीकर आधी नुसता खरखरला. मग, "सगळं आलंय, मॅडम. एक थेंब चुकलेला नाही." त्याचा आवाज दबका होता. "आता तशाच राहा. हॉलची शांतता घेतो."

हे तो प्रत्येक वेळी करायचा. टेक जोडताना मधल्या सांध्यात निव्वळ मुकेपणा चालत नाही, त्या खोलीचीच शांतता भरावी लागते. म्हणून शेवटी थोडा वेळ कुणी हलायचं नाही आणि तो रिकाम्या खोलीचा आवाज टिपून ठेवायचा. दोघी पुतळ्यासारख्या थबकल्या. थोरलीनं दोन्ही हात पोटाशी एकावर एक धरले.

"ताई..." स्पीकर कुजबुजला. "पानं नका उलटू."

"मी हलले नाहीये."

"मग कोण..."

त्यानं ते स्पीकरवरच लावलं. आधी खोलीचा श्वास, दूरची गाडी. मग कागदाची सळसळ. पान उलटलं गेलं होतं, घाईनं, उतावीळपणे, कुणीतरी काहीतरी शोधत असल्यासारखं. मग दुसरं. मग पुढचं. धाकटीची स्वरलिपी समोर मिटलेली होती.

शेजारची खोली सोडून कानसेन हॉलमध्ये आला. त्यानं पहिल्यांदाच स्वतःहून हॉलमधले सगळे दिवे लावले. वायरी गुंडाळताना तो नको इतकं बोलत होता, रेकॉर्ड किती गाजेल, लोक आजी-नातीबद्दल कसे लिहितील, वगैरे.

थोरली मात्र मागे राहिली. घेतलेलं फेडल्याशिवाय जायची तिला सवय नव्हती. ती पियानोशी गेली, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाली, "फार मोठं काम केलंत. तुम्ही कोण, तेवढं सांगा. नाव कळलं तर रोज दिवा लावताना तुमची आठवण काढीन."

तारांमध्ये काही वाजलं नाही. व्हार्निशचा वास तेवढा जरा दाट झाल्यासारखा वाटला. पियानोच्या पोटातल्या अंधारात कुणाला तरी इतकी वर्षं वाट बघावी लागली असेल, या विचारानं तिच्या भीतीत माया मिसळली. तिनं झाकण हलकेच खाली आणलं, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं.

गाडीत धाकटी गप्प बसेना. रेकॉर्डचं मुखपृष्ठ, पहिली प्रत कुणाला द्यायची, डॉक्टरांना ऐकवल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल. बोलता बोलता तिनं उजवा हात समोर धरला आणि तिचं बोलणं तुटलं. करंगळीशेजारचं बोट सरळ होतं. तिनं ते समोरच्या सीटच्या पाठीवर आपटून पाहिलं, भरभर, नव्या रचनेतल्यासारखं. बोट ऐकत होतं.

"ताई, हे बघ. अगं, बघ तरी."

थोरलीचे डोळे भरून आले. ज्यासाठी एवढं सगळं केलं ते समोर होतं. संध्याकाळ खिडकीतून मागे पळत होती, आणि गाडीतल्या अर्ध्या उजेडात तिला वाटलं, आता काहीही मागितलं गेलं तरी आपण देऊ.

"पण तू काय वाजवतेयस?" धाकटीनं विचारलं.

"मी?"

धाकटी तिच्या मांडीकडे बघत होती. थोरलीचा उजवा हात थैलीवर पालथा पडला होता, आणि त्याची पाचही बोटं चालत होती. झरझर, सराईत, एकमेकांच्या वरून-खालून. भाजी चिरणारी, गुंडी शिवणारी तिची जाडसर बोटं.

धाकटी पुढे वाकली. तिचे ओठ हलत होते, स्वर मोजत होते. "थांबवू नकोस," ती हरखून म्हणाली. "काय सुंदर आहे... कुणाचं आहे हे? जुनं वाटतं. नाही, नवं आहे. ताई, मी हे कधी ऐकलेलंच नाही."

"मी काही करत नाहीये गं," थोरली म्हणाली.

तिनं हात उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला गेला नाही. बोटं एका जागी येऊन थबकली, वाट बघत. आणि मग तिचा डावा हात आपला आपण वर गेला, दोन बोटांनी हवेतला कोपरा धरला, आणि आवाज न करता पान उलटलं.