भिंतीवरच्या गाद्या

"गाद्या पाहिजे होत्या..."

वडीगोद्रीला हायवेवरच्या 'नंदाबाई मंडप-बिछायत केंद्रा'त उन्हाळ्यात येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. म्हणून अर्पितानं मान वर न करताच विचारलं, "लग्न का साखरपुडा?"

"तसलं काही न्हाई."

"मंग बारसं?"

"न्हाई... भिंतीला लावायच्यात."

आता मात्र तिनं वर पाहिलं. समोर एक सडपातळ पोरगा. कपाळावर घाम, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, आणि चेहऱ्यावर आपण फार शहाणपणाचं बोललो असा भाव.

"का हो, भिंतीला झोप येऊन राह्यली का?"

तो हसला. हसताना त्याचे कान हलले. पुढचा सगळा घोळ त्या कानांमुळेच झाला, असं अर्पिताचं आजही म्हणणं आहे.

त्याचं नाव राजानंद. दिवसभर ठिबक सिंचनाच्या दुकानात नोकरी करायचा आणि संध्याकाळी दोन दोस्तांसोबत बँड चालवायचा. बँडचं नाव होतं 'कोरडवाहू'. दुकानाच्या मालकाला हे नाव अजून कुणी सांगितलं नव्हतं. धम्मपाल गिटार वाजवायचा. साजिदनं उरल्यासुरल्या पाइपांचे लहान-मोठे तुकडे एका चौकटीत बसवले होते, आणि त्यांच्या तोंडावर तो स्लीपरनं बडवायचा. आवाज खरंच गोड यायचा, फक्त तालमीच्या आधी स्लीपर धुऊन घ्यावे लागायचे.

साजिदच्या मामूच्या पंक्चरच्या दुकानामागची खोली हा त्यांचा स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून त्यांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते, मैद्याची खळ लावून. शेजारच्या शेळीनं ते एका दुपारी फस्त केले. म्हणून आता गाद्या.

सौदा सोपा होता. लग्नाची तिथी नसेल तेव्हा गाद्या बँडच्या, तिथी आली की वऱ्हाडाच्या. त्यामुळं व्हायचं असं, की गाण्याचं एक कडवं कसंबसं रेकॉर्ड व्हायचं आणि दारात अर्पिताचा टेम्पो उभा!

"एकच कडवं राह्यलंय हो..." राजानंद गयावया करायचा.

"नवरदेवाला सांगू का, कडवं होईस्तोवर फरशीवर बस म्हणून?"

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, चारी बाजूंनी कापूस. राजानंद बाहेर यायचा तो विहिरीतून काढल्यासारखा ओलाचिंब. ती टेम्पोतली पाण्याची बाटली पुढं करायची. तो प्यायचा, ती दुसरीकडं बघायची... आणि नेमकी तेव्हाच त्याची नजर तिच्यावर असायची.

"बाहेर काही ऐकू येतं का हो?" त्यानं एकदा विचारलं.

"बिलकुल न्हाई."

ही धडधडीत थाप होती. गाद्यांमुळं आतला आवाज घुमत नव्हता इतकंच, बाहेर तो बराबर जात होता. पंक्चर काढायला थांबलेल्या माणसांनाही गाणी पाठ झाली होती. पण हे कळलं तर हा लाजरा माणूस पुटपुटत गाईल, हे अर्पितानं ओळखलं होतं. ती मुद्दाम वेळेआधी येऊन टेम्पोत बसायची, आणि काच खाली करून ऐकत राहायची.

गाण्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला, तर राजानंदच्या मागं गादीवर 'नंदाबाई बिछायत' ठळक छापलेलं. गाण्याला लाईक बेतानं आले, नंदाबाईला फोन धबाधबा आले. "पोरं गुणी हायेत," असं अर्पिताची आई नंदाबाई पहिल्यांदाच म्हणाली.

गाद्या लग्नातून परत येतात त्या हळदीचे डाग, आमटीचा वास आणि विडीची भोकं घेऊन. बँडकडून एकदा फाटकी गादी शिवून आली. लाल खोळ, पांढरा दोरा.

"कुणी शिवली गं?" नंदाबाईनं विचारलं.

"राजानंदनं."

"तिरपी हाय," नंदाबाई म्हणाली. पण टाका उसवला नाही.

सगळं होतं, फक्त तो बोलत नव्हता. आणि तेवढ्यात केदारखेड्याचं स्थळ आलं. मुलगा बियाण्याच्या कंपनीत, रविवारी बघायला येणार. पसंती झाली की तिथंच तारीख धरायची, असं आईनं सांगून टाकलं. नको म्हणावं तर काय सांगणार? एक पोरगा आहे, जगाला प्रेमाची गाणी ऐकवतो, माझ्याशी मात्र फक्त गाद्यांबद्दल बोलतो?

शेवटी ती त्याच्याकडं गेली. "शनिवारी गाद्या न्यायला येईन. रविवारची तिथी मोठी हाय, बाकीच्या सगळ्या लग्नांना गेल्यात."

"मंग आमच्याकडच्या गाद्या कुणाच्या लग्नाला?"

"लग्न न्हाई. बघायचा कार्यक्रम हाय."

"कुणाचा?"

"माझा."

राजानंदचे कान लाल झाले. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं...

"किती गाद्या लागतील?"

"सगळ्या!" ती म्हणाली आणि टेम्पोचं दार तिनं असं आपटलं, की मामूच्या दुकानातली ट्यूब खुंटीवरून पडली.

शनिवारी चारच्या सुमारास ती आली. पाहुण्यांसाठी स्वच्छ गाद्या निवडायला आईही सोबत. साजिद आणि धम्मपाल बाहेर बाकड्यावर बसलेले, शेजारी पंक्चरवाली गिऱ्हाइकं.

"मावशी, थांबा जरा," साजिद कुजबुजला. "एकटाच काही रेकॉर्ड करून राह्यलाय. कुणी येऊ नका म्हणला."

आतून खणखणीत आवाज आला.

"टेक एक. अर्पिताजी... ठिबकनं जसं थेंब थेंब पाणी थेट मुळाशी जातं, तसं तुमचं प्रेम माझ्या..."

"याला अनुदान हाय का?" बाकड्यावरच्या एका शेतकऱ्यानं विचारलं. धम्मपालनं त्याला गप्प केलं.

"टेक दोन." आत घसा खाकरल्याचा आवाज. "अर्पिता... तू मला लई आवडतीस. रोज ठरवतो सांगायचं, अन् रोज गाद्यांचं विचारून परत येतो. उद्या नको ना बसू त्या पाह्यण्यांपुढं... मला सहन व्हणार न्हाई. बस."

अर्पिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"टेक तीन. हे चंद्रमुखी, हे मृगनयनी..."

"आरं, बंद कर कुणीतरी त्याला!" शेतकरी म्हणाला.

अर्पितानं दार ढकललं. राजानंद माईक धरून उभा, घामानं न्हालेला.

"तुम्ही... कधी आल्ता?"

"ठिबकपासून."

"म्हंजे बाहेर ऐकू येतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू हळू गायला असतास." तिनं त्याच्या हातातला माईक काढून घेतला. "अन् मला ऐकायचं होतं. तू आवडतोस मला. दुसरा टेक ठेव... तिसरा पुसून टाक."

तेवढ्यात नंदाबाई आत आली. राजानंदची पाचावर धारण बसली. काय करावं न सुचून तो खिळ्यावरची गादी काढायला लागला. नेमकी तीच, लाल खोळीची. नंदाबाईनं त्या तिरप्या टाक्यावरून बोट फिरवलं आणि कनवटीचा मोबाइल काढला.

"हॅलो, जय भीम भाऊ. उद्या नका येऊ... न्हाई, पोरगी बरी हाय. घरात गादीच न्हाई बसायला. सगळ्या बुक झाल्यात."

फोन ठेवून ती राजानंदकडं वळली. "लाव ती परत खिळ्याला. अन् उद्या तुझ्या आई-बापाला घेऊन ये."

"पण मावशी... गाद्या तर सगळ्या हितं..."

"मंग?" नंदाबाई म्हणाली. "नवरदेव फरशीवर बसंल."